उपरण्याखालचा हात

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात एका बाईच्या पोटावर होता. सोनोग्राफीची खोली, दिवा मालवलेला, पडद्याचा तेवढा निळसर उजेड आणि बोटांना तो नेहमीचा थंडगार, चिकट जेल. नाव वाचून मी डाव्या हाताने फोन उचलला. "गेले गं ते," काकू म्हणाल्या. "आत्ताच. चहा मागितला, मी करून आणला तर..." आणि मी सांत्वनाचा एक शब्द न काढता विचारलं, "काकू, आज तारीख किती?" "सोळा," काकू म्हणाल्या. मी फोन ठेवला, त्या बाईचं पोट पुसून दिलं, रिपोर्ट लिहिला, दोनदा तपासला आणि मग तिथेच स्टुलावर बसून रडले. माणूस गेल्याचं ऐकून तारीख विचारणारी बाई माझ्यासारखी मीच. त्याला आता सहा आठवडे झाले. तारीख का विचारली, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

गेले ते शैलाकाकूंचे यजमान, आमचे सर, डॉ. रंगनाथ. आमच्या मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवायचे आणि नगरला सावेडीत त्यांचा छोटा दवाखाना होता. आडनावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. मारलीच तर ते मागे वळून आपल्या वडिलांना शोधल्यासारखं करायचे. स्वतःही कुणाला नावाने हाक मारत नसत. विद्यार्थी ज्या गावचा, तेच त्याचं नाव. त्यामुळे मी सगळी वर्षं 'राहाता' होते. "ए राहाता, गाठ बांधतीयेस का वेणी घालतीयेस?" असं ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांदेखत विचारायचे. रागीट होते. एकदा चिमटा फेकला होता तो भिंतीवर आपटून माझ्याच पायाशी पडला, आणि संध्याकाळी तेच सर माझ्यासाठी कागदात बांधून गुलाबजाम घेऊन आले होते. माफी मागायची त्यांची रीत एवढीच. गुलाबजाम त्यातले अर्धे त्यांनीच खाल्ले.

सर घोडेगावचे. तिथला जनावरांचा बाजार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यांचे वडील, आप्पा, त्या बाजारातले हेडी होते, म्हणजे जनावरांच्या सौद्यातले मध्यस्थ. हा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. अख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असोत, बोलणं दोघांचंच राहतं. चेहरा मात्र हलू द्यायचा नाही. लहानपणी सर आप्पांच्या मांडीला चिकटून बसायचे आणि उपरण्याची नुसती हालचाल बघून सौदा जमला की मोडला ते ओळखायचे. पुढे हा मुलगा सर्जन झाला, पण उपरणं काही सुटलं नाही. आप्पांचंच एक जुनं, चहाच्या रंगाचं झालेलं उपरणं त्यांनी आणलं होतं, आणि दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी जो वर्ग भरायचा तो त्या उपरण्याखाली भरायचा.

सर्जरीत जायची इच्छा असणाऱ्यांनी यायचं, एवढीच अट. फी नाही, हजेरी नाही, काकूंच्या हातचे पोहे मात्र होते. खुर्चीच्या हाताला सुताचा दोरा, त्यावर उपरणं, आणि त्याखाली न बघता गाठी बांधायच्या. शंभर झाल्या की डाव्या हाताने. मग उपरण्याखाली ते काहीबाही ठेवायचे... चिंचोके, सोललेलं अंडं, भिजवलेले हरभरे, पाण्याने भरलेला फुगा आणि त्या फुग्याच्या पोटात एकच वाटाणा. बोटांनी ओळखायचं. डोळे उघडे असले तरी ते कुठेतरी लांब लावायचे, खिडकीतल्या पेरूकडे वगैरे. मला त्या सकाळी आता स्वप्नासारख्या आठवतात. आठ-दहा पोरंपोरी, सगळ्यांच्या नजरा हरवलेल्या, कुणी काही बोलत नाही आणि प्रत्येकाची बोटं कापडाखाली काहीतरी शोधताहेत. बाहेरून कुणी बघितलं असतं तर ध्यानाला बसलेत म्हणाला असता. सर मध्येच हळू आवाजात म्हणायचे, "डोळा घाई करतो. हाताला वेळ द्या."

एकदा ते आम्हाला बाजारातच घेऊन गेले. धुळीचा एक पिवळा पडदा सगळीकडे, त्यातून म्हशी नुसत्या सावल्यांसारख्या हलत होत्या, आणि चिंचेखाली आप्पा बसले होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं त्यांना. तरी लोक म्हैस त्यांच्यापुढे आणून उभी करत होते. आप्पा कुशीवर हात ठेवत, जरासा दाब देत, थांबत, पुन्हा दाब देत आणि सांगत, "सात म्हैनं. आन् पारडी हुईल असं कुनी सांगितलं आसंल तर थापा हायेत." सगळे हसले. मग सरांनी आम्हाला एकेक करून त्यांच्यापुढे बसवलं. आप्पांनी उपरण्याखाली माझा हात घेतला. सुकलेल्या चामड्यासारखा तो तळवा होता, पण बोटं अशी हलकी की जणू माझ्या हाताला काही विचारताहेत. बराच वेळ झाला, त्यांनी सोडला नाही म्हणून मीही सोडला नाही. शेवटी ते सरांना म्हणाले, "रंगा, बाकीच्यांनी हात काढून घेतलं. ही पोरगी हात सोडीत न्हाई. हिला घे तुझ्या धंद्याला." परतीच्या वाटेवर सर जीपमध्ये गुणगुणत होते. ते गुणगुणतात हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर महिनाभरात त्यांनी मला ऑपरेशनला उभं केलं. खरं सांगायचं तर तोवर मला सर्जरीची भीतीच वाटायची. रक्ताची नाही, चुकण्याची. पेशंटचं पोट उघडलेलं होतं आणि सर म्हणाले, "राहाता, आत हात घाल. बघू नकोस, नुसता ठेव." मी हात आत ठेवला. पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही ते मला आधी कळलं, ते म्हणजे ऊब. माणूस आतून किती ऊबदार असतो... आणि मग तळाशी, मणक्यावर, ती मोठी रक्तवाहिनी हाताखाली उसळत होती, संथ, बेफिकीर, मी तिथे आहे हे तिला माहीतच नसल्यासारखी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सरांनी हळूच विचारलं, "काय म्हनतंय?" मास्कच्या आत मी हसत होते आणि डोळे भरून आले होते. त्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "सर, मी सर्जरीच घेणार." घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, काकूंनी दवाखान्यात सांगितलं, आणि आठवड्याभरात कॉलेजच्या कँटीनवाल्यालाही माहीत झालं की राहाता सर्जन होणार.

पदव्युत्तर प्रवेशाचा फॉर्म मात्र मी राहात्याला, बाबांच्या टेबलाशी बसून भरला. बाबा शाळेत शिक्षक. ओरडणारे नाहीत, पण पाढे म्हणून घेतल्यासारखं ते सगळं एकेक करून विचारत गेले. अपरात्री बोलावलं तर जाणार का? लग्न झाल्यावर कसं करणार? पेशंट दगावला आणि नातेवाईक अंगावर आले तर? आई म्हणाली, "रेडिओलॉजी चांगली की. बसून काम, वेळेवर घर." वर्गातले हुशार म्हणवणारेही तेव्हा तेच म्हणत होते. सर्जरीत कोण आयुष्य घालवतं, स्किन घ्या, रेडिओलॉजी घ्या, सुखाने झोपा. मला सर्जरी मिळेल एवढा माझा नंबर होता. मी पसंतीत रेडिओलॉजी पहिली टाकली आणि ती मिळाली. यात बाबांचा दोष नाही. बटण दाबणारं बोट माझंच होतं. पण खरी चूक त्यानंतरची. सरांचा फोन आला, "काय झालं गं?" आणि मी म्हणाले, "सर, सर्जरीची जागा मिळाली नाही. नंबर मागे राहिला." ते म्हणाले, "असू दे." बास, एवढंच.

त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याकडून दिवाळीला फोन आणि त्यांच्याकडून "सुखी राहा" एवढाच काय तो संबंध उरला. एकाच शहरात राहून मी त्यांच्या रस्त्याने जायचं टाळत असे. वाटायचं, बिचाऱ्या सरांना माझं खोटं खरं वाटतंय, समोर गेले तर तोंडावर दिसेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांच्या पेशंटचे रिपोर्ट माझ्याकडून जायचे, मी सही करताना नाव जरा जास्तच स्वच्छ काढायची. काम मला आवडत होतं, नाही असं नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर माणसाचं पोट करड्या ढगांसारखं सरकत जातं, त्यालाही एक गुंगी आहे. पण हातात यंत्र असायचं, ऊब नसायची. रविवारच्या वर्गाची खबर कानावर यायची. दहाचे पाच झाले, पाचाचे दोन. सर निवृत्त झाले, दवाखाना बंद केला. मग एका वर्षी कुणीच आलं नाही. काकूंनी तरी तीन-चार रविवार पोहे केले होते म्हणे.

आणि या वर्षी एका चौदा तारखेला, दुपारी, सर माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत येऊन उभे राहिले. पॅन्ट पट्ट्याने आवळलेली, डोळ्यांत पिवळी झाक. सोबत काकू. "यांना गॅस झालाय," काकू म्हणाल्या. सर म्हणाले, "हिला आत बसू दे, बाहेर बसली की नखं खाते." ते टेबलावर झोपले. मी दिवा मालवला. पडद्यावर जे दिसलं ते मी नेहमी बघते, पण त्या दिवशी ते नीट दिसेना. स्वादुपिंडात गाठ आणि यकृतभर तिचे डाग. सर पडद्याकडे बघतही नव्हते. छताकडे नजर लावून, तशीच लांब, पेरूच्या झाडावर लावायची तशी, ते म्हणाले, "मशीन ठेव बाजूला. हातानं सांग."

मी जेल पुसला आणि चादरीखाली हात घातला. त्यांनी मोठा श्वास घेतला. श्वास घेतला की यकृत खाली येऊन बोटाला भेटतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आलं ते. कापडाखाली भुईमुगाच्या शेंगा ठेवाव्यात तसं, टणक, खडबडीत. हात काढायच्या आत त्यांनी चादरीखालीच माझी बोटं पकडली. मला कळलं ते काय विचारताहेत. असे आकडे डॉक्टरने सांगायचे नसतात. कुणाला नेमके कळतही नाहीत. पण विचारणारे सर होते, आणि काकू समोरच, हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. मी त्यांची तीन बोटं धरली. तीन महिने. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझी चार बोटं धरली. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी बोटं सोडली नाहीत. तपासणी संपेपर्यंत सोडली नाहीत. "काय आहे गं?" काकूंनी विचारलं. "यकृताला सूज आहे काकू," मी म्हणाले. सर उठून बसत म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, गॅस न्हाई म्हणून?"

पुढच्या तपासण्या पुण्यात झाल्या, तिथे वेगळं काही निघालं नाही. औषधांच्या मागे लागायचं नाही हे सरांनी ठरवून टाकलं. एक दिवस त्यांनीच मला फोन केला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. "चौथा महिना कशाला मागितला ठाऊक आहे का? कॉलेजातल्या पोरांच्या परीक्षा तीन महिन्यांनी संपतात. त्यानंतर त्यांना बोलाव. असं लिव्हर त्यांना पुस्तकात मिळायचं न्हाई. तवर चांगलं तयार हुईल." मी चिडले. म्हणाले, "सर, असलं काही मी करणार नाही." ते शांतपणे म्हणाले, "मग कोण करणार? मी आडवा असणार. शिकवायला कुणीतरी उभं पाहिजे."

चौथ्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सात मुलंमुली त्यांच्या घरी आली. काकूंनी पोहे केले होते. सर दिवाणावर झोपले होते, इतके बारीक की चादरीखाली माणूस आहे हे पोटामुळेच कळत होतं. त्यांनी आप्पांचं उपरणं पोटावर टाकून घेतलं आणि मला म्हणाले, "आज जनावर मी. हेडी तू." मला हसू येईना आणि रडूही येईना. मी मुलांना सांगितलं, डोळे मिटा, हात सपाट ठेवा, श्वासाची वाट बघा. घाई करू नका. माझा आवाज मलाच सरांसारखा वाटत होता. मुलं घाबरली होती. हात ठेवला न ठेवला असं करून मागे सरकत होती. पाचवी आली ती पारनेरची. तिने हात ठेवला आणि तिथेच राहिली. एक श्वास, दोन, चार... खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. "सर," डोळे न उघडता ती म्हणाली, "डाव्या बाजूलाही कड लागतेय." मग जरा थांबून, "दुखतंय का तुम्हाला?"

"तुला धरून पाच जणांनी हात लावला," सर म्हणाले. "विचारलं तू पहिल्यांदा. कुठली तू?"

"पारनेरची, सर."

"पुढं काय घ्यायचंय, पारनेर?"

"स्किन, सर," ती म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटून सगळ्यांकडे बघत राहिली. सर असे हसले की त्यांना कळ आली आणि काकू धावत आल्या.

मुलं गेल्यावर मी त्यांची उशी सारखी करत होते. मी म्हणाले, "इतका चांगला हात, आणि स्किन म्हणतेय." सर म्हणाले, "म्हणू दे. पण खरं सांगितलं की तिनं." ते साधंच बोलले होते, टोमणा नव्हता. पण माझे हात थांबले. इतकी वर्षं जे लपवून ठेवलं होतं ते तिथे, त्या उशीशी, बाहेर आलं. "सर, मला सर्जरी मिळत होती. मी ती पहिली टाकली नाही. तुमच्याशी खोटं बोलले."

"मला माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. तुझ्या मागच्या नंबराच्या पोराला मिळाली, ते मला कळणार न्हाई व्हय?" ते डोळे मिटून बोलत होते. "लई राग आला हुता. वर्षभर तरी तुझं नाव काढलं की जेवण जाईना. मग राग गेला. मग नुसती वाट बघत बसलो, ही कधी सांगतीये."

"मग तुम्हीच का नाही विचारलंत?"

"घाई केली असती तर तू अजून एक खोटं बोलली असतीस."

सर गेले ते सोनोग्राफीनंतर चार महिने आणि दोन दिवसांनी. फोनवर मी तारीख विचारली ती त्यासाठी. त्यांनी मागितलेलं चौथं बोट त्यांना मिळालं की नाही, एवढंच त्या क्षणी मला हवं होतं. तेराव्यानंतर काकूंकडे गेले तेव्हा त्यांनी घडी घातलेलं उपरणं माझ्या हातात दिलं. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "अगं, हेडीच्या घरात चाळीस वर्षं काढली मी. सोनोग्राफीला चादर हलत होती, ती मला दिसली नाही असं वाटलं का तुम्हा दोघांना? तू तीन म्हणालीस, ते चार म्हणाले. मी घरी येऊन देवापुढे पाच मागितले." एवढं बोलून त्या पोहे करायला उठल्या.

आता रविवारी सकाळी ते उपरणं माझ्या घरी खुर्चीच्या हातावर पसरलेलं असतं. पारनेर येते, आणखी दोघं येतात. पारनेर अजून स्किनच म्हणते. शंभर गाठी झाल्या की मी तिला डाव्या हाताने बांधायला सांगते. सोमवारी उपरणं सोनोग्राफीच्या खोलीत दारामागच्या खिळ्यावर जातं. यंत्र लावण्याआधी मी प्रत्येक पेशंटच्या पोटावर आधी हात ठेवते. बायका विचारतात, "मशीन बिघडलंय का?" मी म्हणते, नाही, जरा थांबा, मोठा श्वास घ्या.

कधी दोन पेशंटच्या मध्ये खोली रिकामी असते, दिवा मालवलेलाच असतो, तेव्हा मी ते उपरणं मांडीवर घेते आणि त्याखाली हात घालून बसते. मुलं आली होती त्या रविवारी, मी निघता निघता, सरांनी असाच त्याखाली माझा हात घेतला होता. एकेक करून पाचही बोटं त्यांच्या मुठीत गेली. अख्खा पंजा. पाच. मला भरून आलं. मी म्हणाले, "सर, पाच नाही होणार. चारच खूप झाले." त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात मात्र होता तसाच राहिला, अजून ऊबदार.

"आकडा न्हाई गं," ते म्हणाले. "नुसता हात धरलाय."